सदनिकेचे मानकरी

मुंबईच्या उपनगरांत सदनिकेचा क्रयविक्रय हा विकणारा आणि घेणारा या दोन गृहस्थांमधील खाजगी व्यवहार असतो, अशी समजूत कायद्याच्या पुस्तकांनी रूढ केलेली आहे. परंतु अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत अथवा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्याने एकदा तरी आपली जागा विकावयास काढली असेल, त्यास हे पुरते ठाऊक असते की या कार्यात ही दोन माणसे केवळ निमित्तमात्र असून खरे मानकरी निराळेच आहेत, आणि ते आपला मान घेतल्यावाचून मांडवातून उठत नाहीत.

अग्रपूजेचा अधिकार अर्थातच एजंटाचा. १९५० साली अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आणावयास सरकारला कायदे करावे लागले. एजंट हेच हद्दवाढीचे कार्य जाहिरातीच्या एका ओळीत उरकतो. त्याच्या नकाशात भांडुपचा बराचसा मुलूख मुलुंडात मोडतो, दहिसर आले तरी बोरिवली संपत नाही, आणि पवईच्या सीमा तर दरसाल पुढे सरकत आहेत. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे त्याचे ब्रीद असत्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पहाटे चार वाजता, रिक्षावाला यावयास राजी असल्यास, ते अक्षरशः खरे ठरते. अलीकडे महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. उत्तीर्ण झालेला एजंट बोलतो तेच, फक्त प्रमाणपत्र भिंतीवर लावून बोलतो. दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊन एकाच वेळी वादी आणि प्रतिवादी या उभयतांची वकिली करण्याची मुभा त्याच्या पेशास आहे, आणि ती इतर कोणत्याही सभ्य पेशास नाही.

एजंटाहूनही अद्भुत वस्तू म्हणजे खुद्द सदनिकेचे क्षेत्रफळ. समजा, बोरिवलीतील जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील जागा आहे, आणि तीत राहणाऱ्याच्या पायांखाली येणारी जमीन सव्वापाचशे चौरस फूट भरते. जिना, लिफ्ट, गच्ची आणि वॉचमनची खोली यांतील आपला हिस्सा मिळवून हीच जागा 'सुपर बिल्टअप' या नावाने सव्वासातशेच्या पलीकडे जाते आणि घेणाऱ्यापुढे त्याच रुबाबात उभी राहते. परंतु १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेने मालमत्ता कर माफ केल्यामुळे, कराचा विषय निघताच ती अंग चोरून चारशे नव्व्याण्णवात बसते. फुलझाडांच्या जागेचा इतिहासही मनोरंजक आहे. २०१२ च्या जानेवारीपर्यंत खिडकीबाहेरील 'फ्लॉवर बेड' एफएसआयमध्ये धरला जात नसे, त्यामुळे बांधकाम व्यावसायिकांच्या ठायी पुष्पप्रेमाची मोठीच लाट उसळलेली होती. त्या काळच्या इमारतींत खिडकीखालची भिंत फोडून आत घेतलेल्या त्या दीड-दोन फुटांत आज गाद्यांची वळकटी, गणपतीचे मखर आणि नातवाची तीनचाकी सायकल नांदते, गुलाब मात्र कोणाच्या दृष्टीस पडल्याचे ऐकिवात नाही. पुढे रेरा आला आणि त्याने कार्पेटची व्याख्या करून टाकली: बाहेरची भिंत वगळावी, आतल्या भिंती धराव्यात. तेव्हा स्वयंपाकघर आणि शयनगृह यांमधील चार इंची भिंत आता कायद्याने वापरावयाच्या क्षेत्रात जमा आहे. तिच्या पोटात शिरून तिचा वापर कसा करावा, एवढेच सांगावयाचे राहिले.

गाडी उभी करण्याच्या जागेचा प्रश्न दहिसरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तेथील पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्वाळा दिला की इमारतीखालील स्टिल्टची जागा ही स्वतंत्र सदनिका नव्हे आणि बिल्डरास ती वेगळी विकता येणार नाही. तेव्हापासून ती कोणी विकत नाही. ती 'अलॉट' होते.

सरकार नामक मानकरी या सर्वांहून सुसंस्कृत, कारण तो आपला मान दरपत्रकानुसार घेतो. प्रत्येक गल्लीतील जागेची किंमत काय असावी हे रेडीरेकनरमध्ये लिहिलेले असते. आपण त्याहून महाग घेतली तर मुद्रांक शुल्क आपल्या किमतीवर, स्वस्त घेतली तर सरकारच्या किमतीवर, एवढाच साधा न्याय आहे. मुंबईत हे शुल्क सहा टक्के, आणि घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून एक टक्का सवलत. या एका टक्क्याने उपनगरांत स्त्रीस्वातंत्र्याची जी प्रगती घडवली ती परिषदा आणि परिसंवाद यांना साधली नव्हती. ज्या गृहस्थांनी आजवर पत्नीस वीजबिलाचाही हिशेब विचारू दिला नाही, ते दीड कोटीची सदनिका तिच्या एकटीच्या नावे करून, वीस वर्षांचे हप्ते भरीत, तिच्या घरी सुखाने आश्रितासारखे राहू लागले आहेत. आरंभी अशी अट होती की तिने पंधरा वर्षे ते घर कोणा पुरुषास विकू नये. २०२३ साली ही अट उठली, तेव्हा काही नवरे चिंताक्रांत झाले असे म्हणतात.

आता गृहनिर्माण संस्था. आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिले आहे की सभासदाने आपले भाग हस्तांतरित करण्यास संस्थेच्या 'ना हरकत' दाखल्याची आवश्यकता नाही. परंतु बँकेस तो हवा असतो, आणि ज्यास तो हवा असेल त्याने अर्ज करावा असेही त्याच उपविधींत लिहिले आहे, त्यामुळे नको असलेल्या दाखल्यासाठी लोक सेक्रेटरीच्या दारात ताटकळतात. हस्तांतरणाच्या अधिमूल्यास ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. संस्थाही या मर्यादेचा मनापासून आदर करतात. पावती पंचवीस हजारांचीच फाडतात, आणि उरलेला नजराणा 'स्वेच्छा देणगी' या सदरात जमा होतो. ही स्वेच्छा किती रुपयांची असावी याचा ठराव कमिटीने आधीच केलेला असतो.

मग घेणाऱ्याची मुलाखत. त्याचे उत्पन्न बँकेने तपासलेले असते, म्हणून कमिटी त्याचा आहार तपासते. आडनावावरून जात, जातीवरून मासळी आणि मासळीवरून जिन्यातील वास असा हा अनुमानखंड घाटकोपर-मुलुंडात शास्त्रशुद्ध रीतीने चालतो. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरवला. ज्यांच्यापाशी असा उपविधी नाही त्या संस्था नुसत्या भुवया उंचावून तेच साधतात. २०२३ साली मुलुंडात एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा सर्व पक्षांनी एकमुखाने निषेध केला. त्याच आठवड्यात किती मराठी सेक्रेटऱ्यांनी किती अर्जदारांची आडनावे वाचून अर्ज बाजूस ठेवले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ठेवली असती तर निषेधाचा सूर किंचित खाली आला असता.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण विस्तार केला तर संपादक या सदराची जागा जाहीर नोटिशींना देतील, आणि त्यांत त्यांचा फायदाच आहे. बिल्डरापासून आजतागायत झालेल्या सर्व करारांची 'चेन' लागते. तीतली पहिली कडी हमखास हरवलेली असते. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि चौदा दिवस हरकतींची प्रतीक्षा. मूळ मालक दिवंगत असल्यास वारसांची हक्कसोडपत्रे लागतात, आणि वीस वर्षे ज्या भाच्याने मामाच्या घरी पाऊल टाकले नाही, त्यास सही करण्याच्या दिवशी मामाची आठवण अनावर होते. इमारतीखालची जमीन कोणाची, हे मात्र विचारू नये. बिल्डराने अभिहस्तांतरण केले नाही म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, आणि अनेक संस्थांच्या वार्षिक सभेत हा विषय तेव्हापासून दरवर्षी 'पुढील सभेत घ्यावा' असा एकमताने संमत होत आहे.

एवढे सारे पार पडून, दुय्यम निबंधकापुढे अंगठे उमटून, कॅमेऱ्यासमोर छायाचित्रे निघून, दस्ताची नोंद झाली तरी शेअर सर्टिफिकेट उरतेच. पन्नास-पन्नास रुपयांच्या पाच भागांचा, म्हणजे एकूण अडीचशे रुपये किमतीचा हा पिवळा पडलेला कागद. त्याच्या पाठीवरील रकान्यात नव्या सभासदाचे नाव चढून चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीचा एक सदस्य अशा तिघांच्या सह्या व्हाव्या लागतात. चेअरमन सही करतात, सेक्रेटरी देणगी जमा झाल्याची खात्री करून सही करतात. तिसरे सदस्य मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीस गेलेले आहेत, आणि शिक्क्याचा डबा ज्या कपाटात आहे त्याची किल्लीही त्यांनी, सुरक्षिततेच्या दृष्टीने, सोबत नेली आहे.