चतुःसीमा

खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. म्हणजे पूर्वेस काय, पश्चिमेस कोण, दक्षिणोत्तर कुणाची हद्द. पनवेल तालुक्यातल्या आमच्या दोन गुंठ्यांच्या एनए प्लॉटची चतुःसीमा एजंटने आधी तोंडी सांगितली होती. "साहेब, पूर्वेला नियोजित टाउनशिप, पश्चिमेला नियोजित रस्ता, आणि विमानतळ पंधरा मिनिटांवर." खतात पूर्वेस ओढा निघाला.

जानेवारी 2013 मध्ये होऊ घातलेल्या विमानतळाभोवतीचा मोठा पट्टा 'नैना' म्हणून जाहीर झाला आणि त्याचं नियोजन सिडकोकडे गेलं. नैना! सरकारी खात्यात कुणीतरी रसिक असणार. नुसत्या नावावरच निम्मी मुंबई त्या माळरानाच्या प्रेमात पडली. त्यात मीही होतो.

"टाउनशिप एवढी चांगली असेल, तर घर तिच्यातच का नाही घ्यायचं?" हिने विचारलं.

"तिच्यात महाग. शेजारी स्वस्त. ती झाली की आपला भाव आपोआप चढतो."

"आणि नाहीच झाली तर?"

"अगं, नियोजित आहे!"

टाउनशिपची कमान मात्र झटपट उभी राहिली. कमानीला दोन सिंह, सिंहांमागे करवंदीच्या जाळ्या. पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला फलक ऊनपावसाने असा विटला, की आता त्यातल्या बाईचं फक्त हसू शिल्लक आहे. पलीकडच्या शेतातल्या म्हाताऱ्यांनी मला नगररचना योजनेचा हिशोब समजावला. साठ टक्के जमीन रस्ते-बागांना, चाळीस टक्के मालकाला. "एकराचं सोळा गुंठं हातात येनार. पन भाव चढंल म्हंतात." म्हणजे तेही माझ्यासारखेच, फक्त जमीन त्यांच्या आजाची.

दर पावसाळ्यात आम्ही डबा घेऊन प्लॉट बघायला जातो. प्लॉट बघायचा म्हणजे काय, तर चार कोपऱ्यांचे दगड शोधायचे. तीन सापडतात. ही तोवर टाकळ्याची कोवळी पानं खुडते. गुंतवणुकीवरचा आजवरचा परतावा तोच, आणि लसूण घालून केला तर अजिबात वाईट नाही.

एजंटची पंधरा मिनिटं बहुधा विमानाने मोजलेली होती, तेव्हा विमानतळच नव्हता. 25 डिसेंबर 2025 पासून मात्र विमानं खरोखरच उडू लागली. पुढच्याच रविवारी आम्ही गेलो. कमान तशीच, सिंह तसेच. आमच्या दक्षिणेच्या प्लॉटवर आमचाच एजंट एका तरुण जोडप्याला हातवारे करून काही दाखवत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आणि उत्तरेला या साहेबांचा बंगला," तो म्हणाला. "नियोजित आहे."

जोडप्यातल्या मुलीने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.