ट्रॉफीवाले काका

तालुक्याच्या प्रत्येक गावी एक ट्रॉफीवाले काका असतातच. आमच्या डहाणूतल्या काकांनी स्वतः आयुष्यात एकही स्पर्धा जिंकलेली नाही, पण पंचक्रोशीतले सगळे विजेते त्यांच्याच हाताखालून गेलेत. टेनिस बॉल क्रिकेटचा मोसम आला की फायनलच्या आदल्या रात्री तलासरीहून दोन पोरे मोटारसायकलवर धडकतात. "काका, मालिकावीर राहिलाच!" काका शांतपणे एका कपावरची 'उत्कृष्ट क्षेत्ररक्षक' ही पट्टी ओढून काढतात आणि दुसरी चिकटवतात.

पण पाऊस लागला की मैदानात चिखल आणि दुकानात माश्या. अशाच एका आषाढात काकांच्या लक्षात आले, की जिंकणारा एकच असतो. स्वतःचे नाव छापलेले बघायला मात्र सगळ्यांनाच आवडते. झाले! अब्दुल रहमान स्ट्रीटवरून पेन, किचेन, टोप्या, छत्र्या घेऊन काका डहाणू लोकलने परतले. पाठोपाठ मग छापायचे मशीन आले. पहिला मग उलट्या अक्षरांचा निघाला. काकांनी तो सलूनवाल्याला दिला. आरशात बरोबर वाचता येतो म्हणून.

तेव्हापासून काकांना जगात वस्तू दिसतच नाही, छापायची जागा दिसते. तेराव्याच्या जेवणालाही वाटी उलटी करून विचारतात, "स्मरणार्थ नाव नाही घातलंत?" घोलवडच्या बागायतदाराला तर त्यांनी भर बाजारात गाठले. "शेठ, तुमच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पाहुण्यांना चिकू देता ते वापीच्या साडीवाल्याच्या पिशवीत?" शेठ ओशाळले. दोनशे पिशव्या. पुढाऱ्यांसाठी वेगळे वाक्य तयार असते : "साहेब, ट्रॉफी एकाच घरात जाते, टोपी शंभर डोक्यांवर बसते."

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनासाठी काकांनी वारली चित्राचे मग काढले. चित्र कुठूनसे कॉम्प्युटरवर उतरवलेले. तारप्याचा नाच गोल, आणि मगाला मध्येच कान! कानापाशी गोल तुटला, तारपावाला एकीकडे आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करून. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या गंजाडकडचा एक पोरगा मग हातात फिरवत म्हणाला, "काका, तारप्याकडे पाठ करून आमच्यात कोण नाचत नाय." काकांनी लगेच त्याच्याचकडून नवे चित्र काढून घेतले. मोबदलाही चोख दिला. अर्धा रोख, अर्धा मगांत.

लोक म्हणतात, काकांनी सन्मान स्वस्त केला. मला तसे वाटत नाही. तो शाल-श्रीफळवाल्यांनी आधीच केला होता. काकांनी फक्त त्याचा होलसेल भाव लावला.

तर मंडळी, यंदा कुणाला नावाच्या छत्र्या वाटायच्या असतील, तर मे संपायच्या आत सांगा. कमीत कमी पन्नास नग, नाव छापणे फुकट, अॅडव्हान्स निम्मा. आणि स्पेलिंग स्वतः तपासा; एकदा छापले की काका परत घेत नाहीत.