दूरस्थ भाचा

चहा घ्या आणि शांतपणे ऐका, कारण प्रकरण गंभीर आहे.

मी बारामतीत, मामा इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीला. पूर्वी मामांचा कॉम्प्युटर बिघडला की एसटीने जायचं, दुरुस्त करायचा, जेवायचं आणि येताना डाळिंबं आणायची, असा रीतसर क्रम होता. तो मी स्वतःच्या हाताने मोडला. त्यांच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क टाकून दिलं. कंपनी जर्मनीतल्या श्टुटगार्टची, २०१४ सालची. तिचा काही दोष नाही. तिला मामा ठाऊक नव्हते.

परवा मामांना सातबारा छापून हवा होता, पण त्यांचा प्रिंटर चालेना. एनीडेस्क उघडलं की पडद्यावर तीन-तीनच्या गटांत आकडे दिसतात. ते फोनवर सांगायचे, एवढंच मामांचं काम. मामा म्हणाले, "चारशे एकोणऐंशी." मी टाकले ४८९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्राबरोबर मीही पोट धरून हसलो होतो. त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो. मामा ‘सत्तर नऊ’ म्हणाले असते, तर कुणा अनोळखी गृहस्थाच्या पडद्यावर माझी विनंती तीनदा उमटली नसती. तिसऱ्यांदा त्यांनी ती मंजूरही केली. त्यांचाही प्रिंटर चालत नव्हता.

पुढे ओळख पडताळणी. २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. मामांनी ते कात्रण मॉनिटरला चिकटवलंय. "तू भाचाच कशावरून?" मी आईचं नाव सांगितलं. "ते तर अख्ख्या गावाला ठावं." शेवटी लहानपणी मला विहिरीत कुणी ढकललं होतं, ते सांगितलं. मामा जरा गप्प झाले. त्यांनीच ढकललं होतं. आता मंजुरीचं बटण दाबणार, एवढ्यात थ्री-फेज आली आणि मामा मोटर चालू करायला गेले. माझा अर्ज पाऊण तास प्रलंबित.

शेवटी आत शिरलो, तर बाण एक आणि मालक दोन. मी उजवीकडे नेतोय, मामा मदत म्हणून डावीकडे ओढताहेत.

"मामा, माऊसवरचा हात काढा."

"काढलाय की!"

बाण थरथरतोय. बांधाच्या भांडणाला निदान तहसीलदार असतो. बाणाच्या भांडणाला कोण?

तरीही पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा मी काढला. प्रिंटरचा ड्रायव्हर गेला होता, तो बसवला. प्रिंटचा हुकूम सोडला, तर उत्तर आलं: कागद नाही. आता बारामतीहून निमगाव केतकीच्या ट्रेमध्ये कागद कसा घालायचा, याची तरतूद श्टुटगार्टनेही केलेली नाही. मामांनी शेजारच्या पोराला हाक मारली. त्याने चार कागद सरकवले आणि सातबारा सर्रकन बाहेर आला.

रात्री मामांचा फोन.

"झालं रं काम! तू दुपारभर झटत होतास, शेजारच्या पोरानं मिनिटात करून दिलं. लई हुशार. एक कॅरेट डाळिंबं दिली त्याला."

"आणि मला?"

"तू आलास कुठं?"