तीन शिट्ट्यांचं वाचन

पिठलं असेल त्या दिवशी मी कविता वाचते. पीठ कालवून आधणात सोडलं, झाकण ठेवलं, की एक बरी कविता वाचून होते. कविता वाईट असेल तर दोन होतात. डाळ कुकरला लावली की तीन शिट्ट्यांत लघुकथा अर्ध्यावर येते. हुलग्याची शेंगोळी म्हणजे कादंबरीचं एक प्रकरण. पण शेंगोळी वळताना दोन्ही हात पिठात असतात, म्हणून प्रकरण आधी वाचून घ्यायचं आणि वळता वळता नायकाला नावं ठेवायची. समीक्षा मी पुरणाच्या दिवसासाठी राखून ठेवली आहे, कारण पुरणाच्या दिवशी काहीच वाचून होत नाही.

मराठी साहित्यात जेवणाची वर्णनं उदंड आहेत, आणि ती बहुतेक जेवणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. जेवणाऱ्याला वास येतो, करणारीला घाम. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. हजार! बाईंनी हजार ओव्या लिहिल्या असत्या तर एखाद्या चौकाला त्यांचं नाव लागलं असतं; हजार भाज्या-आमट्या लिहिल्या, म्हणून त्यांना लेखिका म्हणताना आपली जीभ अडखळते. दुर्गाबाई भागवतांची गोष्ट वेगळी. १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीच्या विरोधात ठाम उभ्या राहिलेल्या, आणि ‘खमंग’ लिहिणाऱ्याही त्याच. दोन्ही कामांना तिखटाचा हात लागतो, असं माझं मत आहे.

कमलाबाई ओगल्यांची १९७० सालची ‘रुचिरा’ मला लग्नात भेट आली होती. वाटी-चमच्याचं माप देऊन कमलाबाईंनी मराठी पोरींवर मोठे उपकार केले. आमच्या आत्यांचा मात्र, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, त्या मापावर विश्वास नाही. त्यांचा वाद सरळ आहे : “वाटी कुणाच्या घरची?”

आमच्या गावात, तलवाड्यात, बेत ठरवून वाचन करता येत नाही, याला टेकडीवरची त्वरितादेवी कारण आहे. देवीबद्दल माझी तक्रार नाही. देवीला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल आहे. मंगळवारी-शुक्रवारी दर्शन झालं की त्यांना आमचं घर आठवतं. “जेवायला नको, नुसता चहा,” असं म्हणत माणसं भिंतीला टेकून मांडी घालतात, तेव्हा मी येसराचा डबा काढते. धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळून ठेवलेलं हे पीठ मराठवाड्यानं लग्नाच्या पंगतीसाठी शोधून काढलं असेल, पण त्याचा खरा उपयोग दारात अचानक जीप थांबते तेव्हा कळतो. येसराच्या आमटीला उकळी येईपर्यंत वाचायला माझ्याकडे एकच पुस्तक आहे : लीळाचरित्र.

ओट्याजवळ वाचायला इतकं सोयीचं पुस्तक मराठीत दुसरं नसेल. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसामाणसाला गाठून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या लहान लहान लीळांतून. कित्येक लीळा पाच-सात ओळींच्या. फोडणी तडतडेपर्यंत एक संपते. शिवाय माणसं इथलीच. महानुभावांचं पांचाळेश्वर आमच्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. आणि आत घर चालू असतं : बाइसा स्वामींच्या आरोगणेच्या मागे, कोणी भिक्षा आणतंय, कोणी रुसलंय. महदाइसा तर शंका विचारून विचारून भंडावून सोडते. पुढं रिद्धपुरात गोविंदप्रभूंचं लग्न मांडलं, तेव्हा तिनं ऐनवेळी धवळे रचून गायले. तिला कोणी “पंधरा तारखेपर्यंत पाठवा, शब्दमर्यादा पाळा” असं सांगितलं नव्हतं, तरी वेळेत दिले.

आत्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचते. त्या तांदूळ निवडत ऐकतात. परवा एक लीळा संपल्यावर म्हणाल्या, “एवढी माणसं जेवली. भांडी कुणी घासली, ते नाही का लिव्हलं?”

मी पान उलटून पाहिलं. नव्हतं लिहिलं.

अशात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. यंदा त्यांनी ‘लेखकाचा आठवडा’ असं सदर काढलंय. तुम्ही पहाटे लिहिता की रात्री? लिहायच्या आधी काय वाचता? फिरायला जाता का? मानधनाचं त्यांनी काढलं नाही. पूर्वानुभवावरून ते अंकाच्या एका प्रतीच्या रूपानं येईल, आणि ती प्रत शेजारी वाचायला नेतील ती परत येणार नाही. मी हो म्हटलं. लेखिकेला आठवडा असतो, असं पहिल्यांदाच कोणीतरी गृहीत धरलं होतं.

ही बातमी मी गल्लीतल्या एका वहिनीला सांगितली. ती दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून ‘एक कोयता’. तिकडं पालापुढं तीन दगडांची चूल, आणि उजाडायच्या आत दिवसभराच्या भाकरी थापून फडात उभं राहायचं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आमचा लिव्हा की आठवडा. सोमवार, ऊस. मंगळवार, ऊस. बुधवार, ऊस. झाला की वो लेख.” मग माझ्याकडं बघून, “तुमची पाठ कशानं दुखती म्हणलात? बसून?” त्यानंतर ती इतकी हसली की मीही हसले, पण तिच्याइतकं मोकळं मला जमलं नाही.

संपादकांच्या आठवड्यात नेमकी पंचमी आली. नागपंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं करायची, तीही वाफवून. रानात कुळव-नांगर बंद, म्हणून हेही घरी. आणि घरी असलेला माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून इतिहास वाचून दाखवतो.

राक्षसभुवनची लढाई हा ह्यांचा जीव की प्राण. आमच्याच तालुक्यातली, १० ऑगस्ट १७६३ ची. माधवराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. निजामअली गोदावरी उतरून पलीकडं गेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर राहिला, नदीला पूर, मराठ्यांनी अलीकडं गाठलं, दिवाण पडला. हे सांगताना ह्यांचा आवाज चढतो, आणि पुरण वाटता वाटता मी ऐकते. मला त्यात युद्धशास्त्र दिसत नाही, संसार दिसतो. आपण आधी पैलतीरी जायचं आणि सामानसुमानासकट दिवाणाला अलीकडं ठेवायचं, हे आमच्याकडं जेवणं झाली की रोज होतं. पैलतीर म्हणजे पलंग. ह्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “संदर्भ सोडून बोलू नको.”

दिंडं मात्र झकास झाली. कणकेच्या लाटीवर पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची, कडा दाबायच्या आणि चाळणीत मांडून वाफेवर ठेवायची. आत्या झाकणाला हात लावू देत नाहीत. वास बदलला की त्या स्वतः उठतात. तोवर मी वाचत बसले, त्या ऐकत बसल्या. मग गल्लीतल्या बाया फेर धरायला बोलवायला आल्या, आणि पुस्तक मिठाच्या बरणीला टेकून तसंच उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा निरोप : लिहिताना टेबलाजवळचा फोटो हवा. घरात टेबल एकच आहे आणि त्यावर मिक्सर आहे. मुलानं मिक्सर खाली ठेवला, मला खुर्चीत बसवलं, हातात पेन दिलं आणि म्हणाला, “मम्मी, विचार केल्यासारखं कर.” आत्या दारातून म्हणाल्या, “मागं तेलाचा डबा दिसायलाय.” डबा हलवला, तर मागची भिंत दिसायला लागली. ती डब्यापेक्षा वाईट होती. डबा परत ठेवला.

लेख पाठवला, फोटो पाठवला. संपादकांना दोन्ही आवडलं. फक्त लेखाचं थोडं कमी करून दिंडांची कृती चौकटीत द्या म्हणाले, वाचकांना तेच हवं असतं. मी वही घेऊन आत्यांपुढं बसले.

“आत्या, डाळ किती?”

“घरात माणसं किती?”

“गूळ?”

“डाळीला लागंल तेवढा.”

“बरं, वाफ तरी किती वेळ द्यायची?”

त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. “परवा तू वाचायलीस की. चार लीळा.”

तसंच लिहून दिलं. आता संपादक विचारताहेत, चार लीळा म्हणजे किती मिनिटं.