बॉयलरकाका

ब्रिटनमधल्या प्रत्येक मराठी वस्तीत एक बॉयलरकाका असतात. हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, गाव कुठलंही घ्या. त्यांना कोणी नेमलेलं नसतं आणि त्यामुळे काढूनही टाकता येत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झालं, तेव्हा इंग्लंडात घरोघरी कोळसा जळत होता. अध्यक्ष आणि चिटणीस निवडले की भागायचं. पुढे सत्तरच्या दशकात सेंट्रल हीटिंग सर्रास झालं आणि घटनेत तरतूद नसलेलं हे पद आपोआप भरलं गेलं.

काका शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. सांगलीच्या वालचंदचे, नाहीतर पुण्याच्या सीओईपीचे. नोकरी मात्र जन्मभर बँकेच्या सॉफ्टवेअरची. थर्मोडायनॅमिक्सचे मार्क त्यांना अजून पाठ आहेत, पण ते विचारायची वेळ ना भारतावर आली ना इंग्लंडवर. एवढ्या मोठ्या देशात त्यांच्या विद्येची कदर केली ती फक्त स्वयंपाकघरातल्या कपाटात टांगलेल्या कॉम्बी बॉयलरने, आणि तीही बंद पडून.

ओळखायची खूण सोपी आहे. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात रेडिएटरची पितळी किल्ली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना सोडायला म्हणून येतात, बूट काढतात आणि यजमानांना नमस्कार करायच्या आधी भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावतात. एकदा वर, एकदा खाली. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा अडकलीय. वर गरम आणि खाली गार असेल तर गाळ बसलाय. तिळगूळ तोंडात असतानाच निदान तयार असतं.

"काका, राहू द्या, पाहुणे यायचेत," असं घरची मंडळी म्हणेपर्यंत किल्ली फिरलेली असते. फुस्स करून हवा निघते, मग काळं पाणी येतं, आणि ज्या फडक्याने ते टिपायचं ते अजून कोणी आणलेलं नसतं.

"मॅग्नेटाइट!" पेढे वाटल्यासारखं काका म्हणतात. "आतून गंजताहेत तुमचे रेडिएटर."

क्रीम रंगाच्या गालिच्यावरचा तो डाग पुढच्या संक्रांतीलाही असतो. शिवाय हवा सोडली की दाब उतरतो, दाब उतरला की बॉयलर रुसतो, म्हणजे रात्री काकांना फोन करणं आलंच.

त्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. त्या पहाटे घड्याळं तासभर मागे जातात, पण जुन्या टायमरला ते कोणी सांगितलेलं नसतं. फोनवर काका आधी नाव विचारत नाहीत, दाब विचारतात. "किती दाखवतोय? एकच्या खाली? सिंकखाली वाक. जाळीदार विणीची नळी दिसते? आता दोन्ही टोकांचे कॉक उघड. हळू! दीडला बंद." पलीकडचा माणूस घामाघूम होतो, म्हणजे अर्धं काम झालंच. नळाला गरम पाणी येतंय आणि रेडिएटर तेवढे गार, अशी तक्रार असेल तर ते खूश होतात, कारण तिथून तीन वाटा फुटतात. पण आधी ते थर्मोस्टॅटमधल्या बॅटऱ्या बदलायला लावतात. "टीव्हीच्या रिमोटातल्या काढ." हा उपाय इतक्यांदा लागू पडलाय की कित्येक घरांत थंडीभर टीव्हीचं चॅनेल उठून बदलावं लागतं.

२०१८ च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून जी कडाक्याची थंडी आली, ती काकांच्या आयुष्यातली मोठी कामगिरी. २००५ पासून इकडे नवा बॉयलर म्हटला की तो बहुधा कंडेन्सिंग जातीचाच असतो. धुरातली उष्णता काढून घेताना त्यातून पाणी ठिबकतं आणि ते एका बारीक प्लास्टिकच्या पाइपने बाहेर जातं. तो पाइप गोठला की पाणी तुंबतं, बॉयलर गुळण्या केल्यासारखा आवाज करतो आणि बंद पडतो. त्या आठवड्यात नुकतेच बंगळुरूहून आलेले तरुण संगणकवाले अंगात होता नव्हता तो कपडा चढवून अंगणात उभे होते, आणि काका स्पीकरवर सांगत होते, "चहाचं आधण नको ओतूस, पाइप तडकेल. आंघोळीचं पाणी घे. आंघोळीचं!" ती कथा ते अजून सांगतात. दरवेळी तापमान एका अंशाने उतरतं.

त्यांना नसत्या उचापती करणारा माणूस समजू नका. बॉयलरचं झाकण ते कधीही उघडत नाहीत. गॅसच्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, हा इथला कायदा ते पाळतात आणि पाळायला लावतात. ही नोंदणी २००९ च्या एप्रिलपर्यंत कॉर्गी नावाची संस्था करायची, आता गॅस सेफ रजिस्टर करतं. काका अजून "त्याच्याकडे कॉर्गी आहे का?" असंच विचारतात. नव्याने आलेल्या सुनांना वाटतं, राणीच्या कुत्र्याचं काहीतरी चाललंय. दारात आलेल्या मेकॅनिकचं ओळखपत्र ते उलटं करून वाचतात, कारण कुठल्या प्रकारची कामं करायची त्याला परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं. मेकॅनिक चहा मागतो. काका म्हणतात, आधी दाब बघ.

रेडिंगमधल्या एका जोडप्याचं प्रकरण मात्र काकांचं खरं पाणी दाखवणारं. त्यांच्या बॉयलरचा दाब वारंवार शून्यावर यायचा. ते भरत, तो उतरे. एकाने सांगितलं, जमिनीखाली गळतंय, लाकडी फरशी उखडा. दुसऱ्याने नव्या बॉयलरचा भाव दिला. काकांनी काही सांगितलं नाही. स्टूल घेतलं, पोह्यांची बशी मांडीवर ठेवली आणि संध्याकाळभर काट्यासमोर बसले. बॉयलर गार होता तेव्हा दाब सव्वा. तापायला लागल्यावर दोन. मग अडीच. मग तीन. तीनला ते उठले, बाहेर गेले आणि भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला भाकरवडीची रिकामी पिशवी बांधून आले.

सकाळी पिशवीत पाणी होतं.

पाणी तापलं की फुगतं. त्या फुगलेल्या पाण्याला जागा द्यायला एक टाकी असते, आत रबरी पडदा आणि पडद्यामागे हवा. हवा निघून गेली की पाण्याला जागा उरत नाही, दाब तीनपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर जातं, आणि घर गार झालं की काटा तळाला. फरशीखाली कोरडं ठणठणीत. काकांनी हे सगळं आकृतीसकट कागदावर लिहून काढलं, खाली तारीख घातली आणि मेकॅनिकच्या हाती दिलं. त्याने वाचलं, पायपंप आणून टाकीत हवा भरली, एकदा उघडलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही म्हणून तोही बदलला, आणि जाताना विचारलं, "तुम्ही या धंद्यात आहात का?"

बँकेने निवृत्तीच्या वेळी घड्याळ दिलं होतं. ते कुठे आहे ते काकांना आठवत नाही. हा प्रश्न मात्र त्यांनी मंडळाच्या गणपतीत तीन वेगवेगळ्या पंगतींत सांगितला.

एवढ्या माणसाचं स्वतःचं घर कसं असेल? गार. परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच बॉयलर खरा कंडेन्स करतो, म्हणून काकांनी पाण्याचं तापमान उतरवून ठेवलंय, आणि थर्मोस्टॅट १८ वर. रेडिएटर मात्र ते जुनेच. "आमच्या बॉयलरची एफिशियन्सी फार चांगली आहे," काकू शालीतून तोंड बाहेर काढून सांगतात. "म्हणून मी दोन स्वेटर घालते."

हल्ली काकांवर एक संकट आलंय. सरकार हीट पंपाला साडेसात हजार पौंड अनुदान देतं आणि मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तो बसवून घेतला. वास्तुशांत नसली तरी चहाला बोलावणं आलंच. काकांनी बूट काढले आणि सवयीने रेडिएटरला हात लावला. वर कोमट. खाली कोमट.

"बंद पडलाय हो तुमचा!"

"नाही काका, तो असाच असतो. पाणी चाळीसच्या आसपासच. म्हणून तर रेडिएटर एवढे मोठे घातलेत."

काकांनी हात काढला, पुन्हा ठेवला. खिशातून किल्ली निघाली, पण कुठे लावावी ते कळेना. मग ते बाहेर जाऊन हीट पंपाच्या पंख्यासमोर उभे राहिले, आणि काही वेळाने काचेवर टकटक करून त्यांनी काकूंना खूण केली, की आतून काहीतरी घरघर येतेय, ऐकायला या.

काकू तोवर शाल काढून, वरचा स्वेटरही काढून सोफ्यात नीट मागे टेकून बसल्या होत्या.

"शोधा तुम्ही," त्या तिथूनच म्हणाल्या. "सावकाश शोधा. मला काही घाई नाही."