वाफ्यातला तलाठी

शहरालगत दहा-वीस कुटुंबं मिळून जमिनीचा तुकडा कसायला घेतात, तिथे न पेरता उगवणाऱ्या गोष्टी दोन: एक हराळी आणि दुसरा फोटोग्राफर. हराळी निदान खुरप्याला दबते. हा रविवारी उजाडायच्या आत हजर. गळ्यात कॅमेरा, बगलेत ट्रायपॉड, अंगात सतरा खिशांचं जाकीट आणि त्यातल्या एकाही खिशात बियाणं नाही. मेथी उपटायला मंडळी वाकली की ‘थांबा, ढग जाऊ द्या’ असा हुकूम सुटतो आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं कंबरेत वाकून एका ढगाची वाट बघत राहतात. अळूच्या पानावर दव नसेल तर तो स्प्रेच्या बाटलीने पाडतो. वांग्याचं भरीत होतं हे त्याला ऐकून माहीत असावं; त्याचं लक्ष वांग्यावरच्या चकाकीवर. साहजिकच बाकीचे सभासद त्याला कामचुकार म्हणतात. तो आहेच. पण शेताचं त्याच्यावाचून अडतं, आणि ते त्याच्या कलेमुळे नव्हे तर त्याच्या लोळण्यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

मावा बसतो कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या पाठीवर. उभ्याने पाणी घालणाऱ्याला दिसतं ते पानाचं तोंड, आणि तोंडावर सगळं आलबेल असतं. कीड शोधायची तर वाफ्याच्या कडेला कोपरावर आडवं होऊन चवळीचं पान खालून बघायला हवं. एवढा वेळ आणि एवढी लाज सोडलेला माणूस शेतात एकच. त्याला मावा सुंदर दिसतो हे खरं. पण दिसतो, आणि इतरांच्या आठ दिवस आधी दिसतो. ढालकिड्याची अळी घ्या. काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लाचा अवतार. कष्टाळू सभासद ती दिसताक्षणी चिरडतात आणि वर हात झटकतात. ती मावा खाते हे त्यांना ठाऊक नसतं. आपल्या पठ्ठ्याने तिला जेवताना पाहिलेलं असतं, मॅक्रो लेन्समधून, अर्धा तास.

शेतात वही ठेवायची असा ठराव पहिल्या बैठकीत होतो आणि वही तिसऱ्या रविवारी बंद पडते. पुढे टोमॅटो कधी लावले, भुरी कधी आली, याची उत्तरं ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडून मिळतात. फोटोच्या फाइलवर मात्र तारीख-वेळ आपोआप चिकटलेली असते. सरकारलाही हे उमगलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक नोंदवायला शेतकऱ्यानेच बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, असा नियम आला. तलाठ्याच्या कामात कॅमेरा शिरला तेव्हा कोणी त्याला नटवेपणा म्हटलं नाही.

यावर रोकडा आक्षेप असा की फोटो खोटं बोलतात. बोलतात. 1936 साली अमेरिकेत आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने साउथ डकोटात गुराची एक कवटी थोडी सरकवून निरनिराळे फोटो घेतले. वर्ष निवडणुकीचं, विरोधी वर्तमानपत्रांनी सरकार दुष्काळाचं सोंग आणतंय म्हणून रान उठवलं. कवटी सरकवलेली होती, पण दुष्काळ खराच होता. आपला माणूसही भोपळा या वाफ्यातून त्या वाफ्यात नेऊन ठेवतो आणि मागचं सगळं धूसर करून टाकतो. पण एक फोटो साधेपर्यंत त्याचे चाळीस बिघडतात. त्या चाळिसांत गळकी ठिबकची नळी, करपलेली चवळी, कोणी न उचललेली खताची गोणी असं सगळं जसंच्या तसं येतं. भिंतीवर लागतो त्या फोटोचा शेताला काडीचा उपयोग नाही. जे तो पुसून टाकणार असतो ते मात्र त्याच्याकडून मागून घ्यावेत.

जीवामृताच्या बाबतीत त्याची बाजू घेणं कठीण आहे. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, वर गोमूत्र, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन. हे ढवळताना बाकीचे नाक दाबून काठी फिरवतात आणि हा बुडबुड्यांवरचं इंद्रधनुष्य टिपतो. ‘नुसतं बघणं म्हणजे काम का?’ या प्रश्नाला मावा हे उत्तर चालेल, पिंपाला चालणार नाही. तेव्हा वाटे घालताना त्याची जुडी कमी करू नका, पण पुढच्या रविवारी काठी त्याच्या हातात द्या. कॅमेऱ्याला पट्टा असतो. तो गळ्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात.