एफपाशी अडलेली गिटार

दहा हजार तास!

गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक मुलाला हा आकडा कुणी ना कुणी ऐकवतंच. रोज एक तास धरला तर २७ वर्षं होतात. नववीतल्या पोरानं हे ऐकून गिटार परत पिशवीत भरली, तर दोष कुणाचा?

आकडा आला कुठून? १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास छापला. त्यातल्या सर्वांत तयार मुलांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात भरला. सरासरी! २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं तिचा नियम करून टाकला. त्या तयार मुलांतल्याही अनेकांनी विशीत तो आकडा गाठला नव्हता, हे एरिक्सननं नंतर स्पष्ट लिहिलं. पण तोवर आकडा गावभर झाला होता.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ही मुलं एका बैठकीला साधारण तास-दीड तासच बसत. मग विश्रांती. दुपारी झोपही काढत.

तेव्हा तास मोजणं सोडा. तासाभरात काय घडतं ते पाहा.

माझ्या भाचीला गेल्या दिवाळीत गिटार मिळाली. रोज पाऊण तास वाजवते, खाडा नाही. एकच गाणं, एकच सुरुवात. सी, ए मायनर, सी, ए मायनर, सुरेख चालतं. मग एफ कॉर्ड येतो आणि सगळं थांबतं. एकेक बोट जागेवर बसतं, दोन-तीन सेकंद जातात, मग हात पुन्हा चालू. पाऊण तासात असं तीस-चाळीसदा. घरच्यांना वाटतं, पोरगी गाणं घोटतेय.

ती थांबणं घोटतेय.

हात फार इमानी असतो. जे पुन्हा पुन्हा कराल ते शिकतो; चूक असो की बरोबर, त्याला देणंघेणं नाही.

सीवरून ए मायनरला इतकं सहज का जाता येतं? कारण तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाहीत, अनामिका तेवढी जागा बदलते. सीवरून जीला जाताना, करंगळी वापरून जी धरत असाल तर, मधलं बोट आणि अनामिका जोडीनं एकेक तार जाड बाजूला सरकतात आणि करंगळी पातळ तारेवर उतरते. कॉर्डच्या तक्त्यातले ठिपके सोडून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं की हे दिसतं. ज्याला दिसलं त्याचा महिना वाचला.

आणि एफ? तिथे तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी पडते. गिटारच्या मानेचं हे अगदी टोक, तार दाबायला सर्वांत जड जागा. नवख्यानं पहिली झुंज तिथेच का द्यायची? तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, त्याचा ए होतो आणि तारा बऱ्याच नरम लागतात. तर्जनी जराशी कुशीवर वळवा, धातूच्या पट्टीला खेटून ठेवा, अंगठा मानेच्या पाठीशी. मग एकेक तार छेडा. कुठली बोलते, कुठली मुकी? सहाही बोलल्या की एक फ्रेट खाली या. चार पायऱ्या उतरलात की एफ.

क्लासमध्ये हे का सांगत नाहीत? आठवड्याला एक तास, पुढ्यात दहा मुलं आणि आईबाबांचा एकच प्रश्न: नवीन गाणं कुठलं शिकवलं? मग दर आठवड्याला नवं गाणं. वर्षअखेर मुलाला वीस गाण्यांचे मुखडे येतात. पुरं गाणं एकही येत नाही.

पाहुणे आले की 'वाजवून दाखव' म्हणणाऱ्यांनी यात आपला वाटा ओळखावा.

भाचीला मी पंधरा दिवस गाणं बंद करायला सांगितलं. रुसली. तरी ऐकलं. ए मायनरचा शेवटचा ठोका आणि एफचा पहिला, एवढाच तुकडा वाजवायचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला जस्टिन सँडरको हा गिटारशिक्षक याच कामाला एक मिनिट लावायला सांगतो: घड्याळ लावा, दोन कॉर्डमधली ये-जा मोजा, आकडा वहीत लिहा. उद्याचा आकडा आजच्याशी ताडून पाहा. शेजारच्या मुलाशी नको.

एक नियम मात्र कडक: उजवा हात थांबता कामा नये. डावा उशिरा पोचला तर पोचू दे, मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू देत. लय मोडणारा हात डाव्याची वाट पाहायला शिकतो, आणि ती खोड जाता जात नाही.

ठोका देणाऱ्या मेट्रोनोमचा कंटाळा येतो म्हणतात. १८१५ साली मेल्झेल नावाच्या संशोधकानं त्याचं पेटंट घेतलं. आज तो फुकटात खिशातल्या फोनवर आहे. मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. सलग तीनदा बिनचूक आलं की ६४. चुकलं की ५६. तबल्याच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगावं लागतं का? ठाय लयीत बोल स्वच्छ निघत नसेल, तर गुरुजी दुगुणीला हात लावू देत नाहीत. घराघरात पलटे घोटणाऱ्या या महाराष्ट्रात गिटारला तेवढा रियाज लागत नाही, असं कुणी ठरवलं?

पाश्चात्त्य वाद्यांनाही तो लागतोच. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं आधी स्वरलिपी गळ्यावर चढवत, वाद्य नंतर हाती येई. तिथून मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आलेले वादक समोर आलेला कागद पाहून वाजवू लागत. ती तयारी वाद्य हाती येण्याआधीची होती.

ज्यांना तासच मोजायचेत, त्यांच्या तोंडी गिटारवादक स्टीव्ह वाय असतो. १९९० साली एका अमेरिकन गिटार मासिकात त्याचा दहा तासांचा सराव छापून आला. पोरांनी दहा हा आकडा पाठ केला. त्या दहा तासांत बोटांचे व्यायाम, स्केल, कॉर्ड, कान तयार करणं, नोटेशन वाचणं असे वेगवेगळे कप्पे होते. ते कुणी वाचले?

कप्पे पाडण्याला आधारही आहे. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोघांनी हातांच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटानं तीन हालचाली एकेक करून सलग घोटल्या, दुसऱ्यानं त्याच तीन आलटून पालटून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी पाहिलं तर दुसरा. म्हणून पाच मिनिटं एफ, पाच मिनिटं स्केल, पाच मिनिटं नुसता उजवा हात, मग परत एफ. वाजवताना प्रगती झाल्यासारखी वाटत नाही.

वाटण्यावर जाऊ नका.

रविवारी तीन तास बसणारे तर वेगळेच! सोमवारी बोटांची टोकं सुजतात, गुरुवारपर्यंत तारेला हात लागत नाही, आणि पुढच्या रविवारी पहिला अर्धा तास जुनं आठवण्यात जातो. त्यापेक्षा रोजची वीस मिनिटं धरा. घट्टेही बेतानं पडतात. आणि गिटार पिशवीतून बाहेर, डोळ्यांसमोर, स्टँडवर ठेवा. चेन उघडायचा आळस किती सराव खातो, हे आळस केलेल्या माणसालाच माहीत.

परवा भाचीनं अठरा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. गाणं नाही. ए मायनर, एफ, ए मायनर, एफ, मागे ६० चा ठोका. तिसऱ्या एफला सर्वांत पातळ तार अजून मुकी आहे. उजवा हात कुठेही थांबलेला नाही.